एकोणीस गोळ्या

रत्नागिरी
१४ ऑगस्ट २०२४

प्रिय आरोही,

परवा सिव्हिल हॉस्पिटलच्या बाकावर तू माझ्या शेजारी दीड तास बसलीस आणि तीनच वाक्यं बोललीस. ‘सरका जरा.’ ‘मला नको चहा.’ आणि निघताना, ‘तुमच्या ओढणीला शाई लागलेय.’ तिसऱ्याबद्दल आभार. तशीच कॉलेजात गेले असते.

मी सानवी. माझं गाव आंजर्ले, मामा-मामींकडे वाढले. इथे बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि मुलींच्या वसतिगृहात राहते. आमच्या कॉलेजात रेड रिबन क्लब आहे. एचआयव्ही कशाने होतो, कशाने होत नाही आणि तो कसा टाळायचा, हे आम्ही मुलामुलींना सांगतो. तुझा पत्ता तिथल्या समुपदेशक नम्रता मॅडमनी तुझ्या आजीला विचारून दिला. त्या म्हणाल्या, तुमच्या घरातला एकच फोन काकूकडे असतो आणि तो सगळे उघडतात, तेव्हा पत्रच बरं.

त्या दिवशी मॅडमनी तुला आत बोलावून सांगितलं, की तू रोज घेतेस ती गोळी एचआयव्हीची आहे आणि तो तुला जन्मापासून आहे. बाहेर आलीस तेव्हा तुझा चेहरा मी पाहिला. आजी तुझा हात धरायला आली आणि तू हात पाठीमागे घेतलास. म्हणून लिहावंसं वाटलं.

आता डबी तुझ्याच ताब्यात दिली आहे असं कळलं. म्हणजे तू मोठी झालीस. गोळी वेळेवर घे आणि मला उत्तर लिही, चार ओळी का असेनात.

तुझी,
सानवीताई

नाटे
४ सप्टेंबर २०२४

आदरणीय सानवीताई यांना आरोहीचा साष्टांग नमस्कार.

(मोठ्यांना असं लिहायचं असतं, असं आम्हाला शिकवलंय. साष्टांग म्हणजे आडवं पडून. मी बसूनच लिहितेय.)

पत्र पोचलं. तुम्ही पाकिटावर ‘इयत्ता सातवी’ लिहिलंत म्हणून ते शाळेत आलं. सगळ्यांना वाटलं मला बक्षीस लागलं. मीही नाही म्हटलं नाही.

माझ्या घरी आजी आहे, तिचं नाव हौसा. ती काजूच्या कारखान्यात जाते. काका मुंबईला हॉटेलात आहे. काकू आणि ऋत्विक इथे असतात. ऋत्विक सहा वर्षांचा आहे आणि त्याला वाटतं की तो सोळा वर्षांचा आहे.

आजीशी मी बोलत नाही. पाच वर्षं तिने मला सांगितलंन की ही रक्त वाढायची गोळी आहे. मी ते सगळ्या मैत्रिणींना सांगत होते. माझ्या अंगात सगळ्यांपेक्षा जास्त रक्त आहे, म्हणून फुगडीत मला कोणी हरवू शकत नाही, असं. आता गणपती आले. फुगड्या घालायला जाईन, पण हात धरताना काय वाटेल ते माहीत नाही.

गोळी रोज घेते. तब्येत उत्तम आहे. डबीत अजून एकोणीस गोळ्या आहेत, त्यामुळे आम्हाला यायची घाई नाही असं मॅडमना सांगा. एसटीत मला उलटी होते.

आपली आज्ञाधारक,
आरोही

रत्नागिरी
९ सप्टेंबर २०२४

प्रिय आरोही,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. दोनदा हसले. तिसऱ्यांदा कागद-पेन घेऊन बसले.

बारा ऑगस्टला तुला तीस गोळ्यांची डबी मिळाली. तेरापासून रोज एक धरली, तर चार सप्टेंबरला सात उरायला हव्या होत्या. तू एकोणीस लिहिल्यास. म्हणजे बारा दिवस तू गोळी घेतलेली नाहीस.

आरोही, हे औषध मध्ये मध्ये सोडून चालत नाही. खाडे केले की विषाणू त्या औषधाला सरावतो, आणि मग तेच औषध त्याच्यावर चालेनासं होतं. तू हुशार आहेस, तुला एवढं कळायला हवं. आजीवर रागावली असशील तर रागाव, पण त्याची शिक्षा स्वतःच्या शरीराला देऊ नकोस. जरा जबाबदारीने वाग.

फुगडीची मुळीच काळजी करू नकोस. हात धरल्याने काही होत नाही.

सानवीताई

नाटे
२० सप्टेंबर २०२४

सानवीताई,

तुमचं गणित बरोबर आहे. माझंच चुकलं, मी खरा आकडा लिहिला. अकरा तारखेला मॅडमकडे जाताना उरलेल्या गोळ्या घरीच ठेवल्या आणि रिकामी डबी नेली.

तुम्ही जबाबदारीने वाग लिहिलंत. तुम्हाला रोज गोळी घ्यावी लागते का? तुम्ही कॉलेजात भाषण करता आणि मग मैत्रिणींबरोबर मांडवीला समुद्रावर भेळ खाता.

घरात माझा एक स्टीलचा पेला आहे, त्याच्यावर माझं नाव कोरलंय. तो वेगळ्या फळीवर असतो. काकूने तो मी पहिलीत असताना आणलान. मला वाटायचं, माझे लाड आहेत. ऋत्विक रडायचा, माझ्या नावाचा का नाही म्हणून. काकू त्याला त्या पेल्याला हात लावू द्यायची नाही, तेव्हा मला किती भारी वाटायचं. तो पेला कशाला होता ते मला आता कळलं.

फुगड्या घातल्या. माझा हात कोणी सोडला नाही, कारण कोणाला माहीत नाही.

आता लिहू नका.

आरोही

रत्नागिरी
२९ सप्टेंबर २०२४

आरोही,

तू लिहू नका म्हटलंस तरी लिहितेय. हे शेवटचं समज हवं तर, पण वाच.

त्या दिवशी मी सिव्हिलमध्ये कुणाला मदत करायला आले नव्हते. औषधाच्या रांगेत माझा नंबर एकेचाळीस होता. तू शेजारी येऊन बसलीस तेव्हा मी चिठ्ठी पिशवीत टाकली. मॅडमनी ‘ही सानवी, कॉलेजात असते’ एवढंच सांगितलं, तुझा समज झाला की मी तिथे कामाला आहे, आणि मी तो तसाच राहू दिला. पहिल्या पत्रातही क्लबचं लिहिलं आणि हे लिहिलं नाही. होय, मला रोज गोळी घ्यावी लागते. मलाही जन्मापासून आहे.

माझे बाबा मी दोन वर्षांची असताना गेले, आई मी चार वर्षांची असताना. मामी मला ‘कॅल्शियमची गोळी’ म्हणून सांगायची. तुझं रक्त, माझी हाडं. नववीत मला खरं कळलं आणि मी तेच केलं जे तू केलंस. दोन महिने एकही गोळी घेतली नाही. मग न्युमोनिया झाला आणि दीड महिना खाटेवर काढला. माझे गोपाळकृष्णमामा कमी बोलणारे. काय बोलावं ते सुचेना, म्हणून ते रोज सकाळी येऊन मला अख्खं वर्तमानपत्र मोठ्याने वाचून दाखवत. हवामानाचा अंदाज, निविदा, हरवले-सापडले, सगळं. एकदा एका हरवलेल्या म्हशीचं वर्णन वाचताना त्यांचा आवाज फुटला, आणि मला कळलं की हे म्हशीसाठी नाही. दुसऱ्या दिवशी मी गोळी मागून घेतली.

तेव्हापासून चुकवलेली नाही. माझ्या रिपोर्टमध्ये आता विषाणू मोजता येत नाहीत. ते आहेत, पण झोपलेले. गोळी चालू आहे तोवर ते उठत नाहीत, मी आजारी पडत नाही. नम्रता मॅडम सांगतात की मी लग्न करू शकते, मला निरोगी मूल होऊ शकतं, नवऱ्यालाही माझ्याकडून होणार नाही. मी अजून त्या भानगडीत नाही, पण ऐकून बरं वाटलं.

आणि पेल्याबद्दल. एका पेल्यातून पाणी प्यायल्याने, एका ताटात जेवल्याने, शेजारी झोपल्याने, खोकल्याने, डास चावल्याने एचआयव्ही होत नाही. हे मी वाचलेलं सांगत नाहीये. आमच्या घरी पंधरा वर्षं सगळे एकाच तांब्याने पाणी पितात. हा परिच्छेद वेगळ्या कागदावर उतरवून घे, उपयोगी पडेल.

माझ्या खोलीत मृणाली राहते, देवरुखची. दीड वर्षं आम्ही एकत्र आहोत. तिलाही माझं हे माहीत नाही. तुला सांगितलं.

सानवी

रत्नागिरी
८ नोव्हेंबर २०२४

आरोही,

दिवाळी झाली. वसतिगृहाच्या पत्रांच्या खणात रोज बघते. आमच्या रेक्टरबाईंना वाटायला लागलंय की माझं कुठेतरी जमलंय.

मॅडमना विचारलं, तर त्या म्हणाल्या, ‘तिचं तिला सांगू दे.’ त्यांचं बरोबर आहे. तू बरी आहेस एवढंच कळव.

सानवी

नाटे
२४ नोव्हेंबर २०२४

सानवीताई,

आता मी तुला तू म्हणणार. खोटं बोलणाऱ्यांना तुम्ही कशाला म्हणायचं?

तुझं मोठं पत्र वाचून मला इतका राग आला की मी ते भाताच्या कणगीमागे टाकलं. आजी खोटं बोलली, काकू खोटं बोलली, आणि आता तूसुद्धा. मग कोजागिरीच्या आधी मला ताप आला. आठ दिवस उतरला नाही, खोकलापण. नववा दिवस होता तेव्हा आजीने मला पाठीवर घेतलंन आणि बंदराचा चढ चढून रिक्षापर्यंत नेलंन. मी पस्तीस किलो आहे. ती स्वतःच पंचेचाळीस असेल. वाटेत एकदाही थांबली नाही. मी तिच्या मानेवर डोकं ठेवून तुझ्या मामांच्या म्हशीचा विचार करत होते. ती सापडली का?

नम्रता मॅडमना मीच सगळं सांगितलं, घरी लपवलेल्या गोळ्यांचंसुद्धा. मला वाटलं ओरडतील. त्यांनी विचारलं, ‘तुला कुठली वेळ सोपी जाईल?’ मी म्हटलं, सकाळी शाळेआधी, कारण संध्याकाळी घेतली की मग सगळी रात्र तेच डोक्यात राहतं. त्या म्हणाल्या, ठीक आहे, सकाळी. एवढंच. एकवीस ऑक्टोबरपासून एकही चुकली नाही. आज पस्तीस दिवस झाले. हे गणित मी तपासलंय.

घरी आल्यावर कणगीमागून पत्र काढलं आणि पेल्याचा परिच्छेद काकूला वाचून दाखवला. तुझं बाकीचं काही वाचलं नाही. काकू चुलीपाशी होती, तिने फक्त भाकरी उलटली. पण पुढच्या वेळी औषध आणायला जाताना ती आमच्याबरोबर आली. मॅडमच्या खोलीत अर्धा तास बसली. तिने विचारलंन, ‘माझ्या ऋत्विकला काही होणार नाही ना, एवढं मला खरं सांगा.’ मॅडमनी सांगितलं. मग काकू रडली आणि म्हणाली, ‘मला कुणी आधी सांगितलंच नाही, सांगितलं ते फक्त घाबरवायला.’

आता पेला सगळ्यांच्या फळीवर आहे. ऋत्विक मुद्दाम त्यातूनच पाणी पितो. म्हणतो, त्याच्यावरचं नाव आता घासून काढा. मी काढू देणार नाही. माझं नाव आहे.

आजीशी थोडं बोलते. ‘मीठ दे’ एवढं. तिने एकदा तरी सांगावं की खोटं का बोलली. ती सांगत नाही. मी विचारत नाही.

तू मृणालीला का सांगत नाहीस? मी बारा वर्षांची आहे आणि मी काकूसमोर वाचलं.

आरोही

रत्नागिरी
५ डिसेंबर २०२४

प्रिय आरोही,

म्हैस सापडली नाही. मामांना मीच विचारलं, त्यांना अजून आठवते.

तू बरी आहेस, मोजून पस्तीस दिवस. तुझं पत्र आलं त्या दिवशी मी मेसमध्ये दोनदा सोलकढी मागितली आणि विनाकारण सगळ्यांशी गोड बोलले. मी तुझ्याशी खरं लपवून तुला खरं वागायला सांगत होते. तो राग योग्य होता.

आता माझी बातमी. एक डिसेंबर, जागतिक एड्स दिन, रविवारी आला, म्हणून आमचा कार्यक्रम सोमवारी झाला. त्याआधी पंधरा दिवस आम्ही ग्रंथालयाबाहेर एक पेटी ठेवली होती. नाव न लिहिता प्रश्न टाकायचा. मला वाटलं दहा-बारा येतील. एकशे बारा आले. तिसऱ्या वर्षाचा विनीत चिठ्ठ्या वाचत होता आणि मी उत्तरं देत होते. ‘मच्छर चावला तर?’ ‘जत्रेत टॅटू काढला, सुई नवी होती की नाही बघितलं नाही, आता काय करू?’ ‘तपासणी केली तर घरी कळवतात का?’ कळवत नाहीत, तपासणी फुकट होते आणि नाव गुप्त ठेवतात, असं सांगितल्यावर सभागृहात जी शांतता झाली, त्यावरून मला समजलं की हा प्रश्न फक्त एकाचा नव्हता. सर्वांत जास्त प्रश्न निरोधबद्दल होते. ते नम्रता मॅडमनी घेतले, भाजीची कृती सांगावी इतक्या सहज. मागची मुलं आधी फिदीफिदी हसत होती. पाच मिनिटांनी त्यातल्या दोघांनी वही काढली. (तू लहान आहेस, पुढचं लिहीत नाही. तुला सगळं माहीत आहे असं तू म्हणशील.)

मग विनीतने एक चिठ्ठी उघडली: ‘आपल्या वर्गात कुणाला एचआयव्ही असेल तर ओळखायचं कसं?’ सगळे इकडेतिकडे बघून हसले. मी माइकसमोर उभी होते. ‘ओळखता येत नाही,’ मी म्हटलं. ‘तो माणूस तुमच्यासारखाच दिसतो, अभ्यास करतो, नापासही होतो. ओळखण्याची गरजही नाही. स्वतःची काळजी घ्यायची, तपासणी करायची, आणि कुणाला असलाच तर त्याच्या शेजारी बसायचं.’ शेवटी हेही सांगितलं, की आईला गरोदरपणी वेळेवर तपासणी आणि औषध मिळालं, तर आज बाळाला तो जवळजवळ होतच नाही. तिथे मी पाण्याची बाटली उघडली. पाणी प्यायले, पुढे गेले. तीन दिवसांत तेवीस जण तपासणीला गेले, रांगेत पहिला तो टॅटूवाला. त्याचा रिपोर्ट चांगला आला. त्याने स्वतःच येऊन सांगितलं, पेढा देऊन.

कार्यक्रमाच्या संध्याकाळी मृणाली खोलीत कपड्यांच्या घड्या घालत होती. तू लिहिलेलं डोक्यात होतं. मी म्हटलं, ‘मृणाली, ती शेवटची चिठ्ठी. वर्गात कुणाला असेल तर. मला आहे.’

तिच्या हातात माझाच कुर्ता होता. तिने घडी पुरी केली. मग म्हणाली, ‘म्हणजे तुझा रोजचा पावणेनऊचा गजर त्यासाठी असतो? मी दीड वर्ष समजत होते की तुला कुणीतरी फोन करतो आणि तू मला सांगत नाहीस. मी त्याच्यावर रुसले होते.’

मग तिने तोच कुर्ता उलगडून पुन्हा घडी घातली. खोटं सांगत नाही, तेवढ्यात मी फार घाबरले. शेवटी तिने विचारलं, ‘हे सांगायला इतका वेळ का लावलास?’ आणि माझ्याच पलंगावर बसून रडली. मग आम्ही दोघी मांडवीला गेलो आणि भेळ खाल्ली, तू म्हणतेस तशी. एकाच कागदातून.

माझं ते मोठं पत्र तुला आजीला वाचून दाखवायचं असेल, तर माझी हरकत नाही. सगळं वाच. मामीने मला कॅल्शियम सांगितलं तेही. मामीला मी एकदा विचारलं होतं, का सांगितलंस तसं. ती म्हणाली, ‘तुला ओझं नको म्हणून.’ मला वाटतं, ओझं तिला झेपत नव्हतं. मोठ्यांनाही नाही झेपत कधी.

तुझी,
सानवी

नाटे
३ मे २०२५

प्रिय सानवीताई,

मध्ये आपली छोटी पत्रं झाली, पण हे मोठं आहे, दोन कागद घेतलेत.

काल रिपोर्ट मिळाला. मॅडमनी कागद फिरवून माझ्यासमोर धरला. विषाणू मोजता येण्याइतके नाहीत. आजीने विचारलंन, ‘मंजे गेला?’ मॅडम म्हणाल्या, ‘गेला नाही, झोपलाय. आरोहीने झोपवलाय.’ आजी बाहेर येऊन बाकावर बसली ती उठेचना. मला वाटलं तिला चक्कर आली. एसटीत ती तो रिपोर्ट मांडीवर धरून बसली होती. मला उलटी झाली नाही, हेसुद्धा तिच्या लक्षात आलं नाही.

तुझं पत्र मी तिला जानेवारीतच वाचून दाखवलं होतं. ऐकून ती तेव्हा काजू फोडायला निघून गेली. आज सकाळी अंगणात येऊन म्हणाली, ‘कागद घे. सानवीबायला लिवायचा हाय.’ म्हणून आता पुढचं आजी सांगते तसं लिहितेय.

‘सानवीबाय, मी हौसा. मला लिवता येत नाय. तुजा कागद पोरीने मला वाचून दाखवलान. तुज्या मामीला माजा नमस्कार सांग. माजा लेक गेला, त्याच्या मागनं आठ महिन्यांनी हिची आय माज्या मांडीवर गेली. डाक्टरांनी रोगाचा नाव सांगितला. ता नाव कानावर आला की मला ती दोगाच दिसायची. पोरगी पाच वर्षं विचारत होती, कसली गोळी गो आजी. ता नाव माज्या तोंडातनं निगेना. मग मी रक्ताची म्हटला.’

इथे आजी थांबली. मीपण थांबले. परसात काकू ऋत्विकला ओरडत होती, तेवढाच आवाज.

मग आजी म्हणाली, ‘लिवलंस? आता लिव. तिला सांग, माजा चुकला. तिला फसवायचा नव्हता. तिने माज्याशी बोलावा.’

मी विचारलं, ‘तिला म्हणजे कुणाला सांगू?’

‘तिलाच.’

मी समोरच बसलेय आणि ती तुला सांगतेय मला सांगायला. म्हणून तसंच लिहिलं. मग मी पेन खाली ठेवलं आणि म्हटलं, ‘आजी, तिने सांगितलंन, चालेल, बोलेन.’ आजीने पदर तोंडाला लावलान. मी तिच्या मांडीवर डोकं ठेवलं. बऱ्याच वेळाने म्हणाली, ‘पुरा कर गो तो कागद.’

म्हणून पुरा करतेय. ती म्हणते, तू आणि मृणाली दोघी या. घरचे आंबे आहेत आणि बांगडे ती स्वतः करणार. मृणाली मासे खाते का ते कळव.

सगळं तिला परत वाचून दाखवलं. म्हणाली, ‘बरोबर हाय. अंगठा कुठं देऊ?’ घरात शाईचा डबा नाही. परसात आगळ करायला कोकमं घातली आहेत, त्यात तिने अंगठा बुडवलान. खाली जो लाल डाग आहे तो आजीचा आहे. त्याच्या शेजारचा छोटा माझा.

आरोही